आधी ड्रमच्या मागे कोण बसलंय ते बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

फुटलेले इंग्लिश रॉक बँड पुन्हा एकत्र येतात, ते योग्य की अयोग्य, यावर गेले काही रविवार आपल्या पुरवणीत वाचकांची चांगलीच जुंपली आहे. नाशिकच्या एका वाचकांच्या मते हा सगळा म्हातारपणीच्या पेन्शनचा उद्योग. कोल्हापूरच्या कॉलेजातल्या एका मुलीने त्यांना फैलावर घेतलं: ओएसिस या बँडचे दोन भाऊ सोळा वर्षांनी एका मंचावर उभे राहिले, आणखी काय हवं? ठाण्याच्या एका गृहस्थांनी मध्यस्थी करत लेड झेपलिनचा दाखला दिला, की एकदाच या, झकास वाजवा आणि घरी जा. वाद रंगला आहे. पण या सगळ्या पत्रांत गायक आले, गिटारवाले आले, तिकिटांचे दर आले, भावांची भांडणं आली. ड्रमरचं नाव एकाही पत्रात नाही. ओएसिसच्या कार्डिफच्या कार्यक्रमाची आपण जी बातमी छापलीत तिच्यातही नव्हतं. फोटोत तो मागे, झांजेआड अर्धा झाकलेला दिसतो, तेवढाच.

माझी ओळख सांगतो, म्हणजे माझा पक्षपातही कळेल. मध्य रेल्वेत कारकुनी केली आणि संध्याकाळनंतर ऑर्केस्ट्रात रिदम वाजवला. गणपती, नवरात्र, कामगार वसाहतींतले कार्यक्रम, वाढदिवसांच्या सुपाऱ्या. आधी ढोलकी-ढोलक, मग ड्रमसेट, आणि शेवटी तो ऑक्टोपॅड. ड्रम मला शिकवले धोबीतलावला राहणाऱ्या एका गोवेकर अंकलनी. त्यांच्या खोलीत रेकॉर्ड लागली की गायकाचा आवाज कानाआड करायचा, अशी सक्त ताकीद होती. "तो गातो, त्याला गाऊ दे. तू पायाकडे लक्ष दे." त्यामुळे इंग्रजी गाण्यांचे शब्द मला आजही धड माहीत नसतात. (बायको म्हणते, ह्यांना आमच्या लग्नातल्या मंगलाष्टकांचाही फक्त ठेकाच आठवत असेल.)

तर मुद्दा असा. बँड फुटून पुन्हा जुळला, की तो तोच बँड आहे की नुसती पाटी, हे गायकावरून ठरवू नका. गायकाचा आवाज वयाप्रमाणे उतरतो, पट्टी खाली घेता येते, मागे चार कोरसवाले उभे करून झाकताही येतं. गिटारवाल्यांच्या हुबेहूब नकला करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. पण ठोका केसभर मागे रेलून द्यायचा की पुढे ढकलायचा, हे ज्याचं त्याचं असतं आणि उसनं घेता येत नाही. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं त्याच ठोक्यावर पाय रोवून वाजवलेलं असतं. तमाशाच्या फडात ढोलकीवाला बदलला, की बाई तीच, लावणी तीच, पण पाय बुचकळ्यात पडतात. इथेही तेच होतं.

ठाण्याच्या गृहस्थांपासून सुरुवात करतो. लेड झेपलिनचा १० डिसेंबर २००७ चा, लंडनच्या ओ-टू अरिनातला कार्यक्रम त्यांनी आदर्श म्हणून सांगितला. आदर्श होताच. पण 'एकदाच केला म्हणून चांगला झाला' हे काही पटत नाही, कारण एकदाच केलेला वाईट कार्यक्रमही त्यांच्या खात्यावर जमा आहे. १३ जुलै १९८५, दुष्काळनिधीसाठीचा लाइव्ह एड कार्यक्रम, फिलाडेल्फिया. त्यांचा ड्रमर जॉन बॉनम १९८० च्या सप्टेंबरात गेला आणि बाकीच्या तिघांनी त्याच वर्षी दुकान बंद केलं होतं. पाच वर्षांनी लाइव्ह एडला उभे राहिले तेव्हा ड्रमवर दोन-दोन माणसं बसवली: शिक या बँडचा टोनी थॉम्प्सन आणि जेनेसिस या बँडचा फिल कॉलिन्स. कॉलिन्स तर त्याच दिवशी वेम्ब्लीत गाऊन-वाजवून, कॉन्कॉर्ड विमान पकडून अटलांटिक ओलांडून आलेला. तालीम नावापुरती. गायक रॉबर्ट प्लांटचा घसा बसलेला, जिमी पेजची गिटार बेसूर. चाहते आजही कॉलिन्सच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते ते दोघेही उत्तम ड्रमर होते आणि तिथेच घोळ झाला. दोन उत्तम ड्रमर तालमीशिवाय शेजारी बसवले, की प्रत्येक जण समेवर दुसऱ्याची वाट बघतो. बँडला स्वतःलाच ते इतकं लागलं, की २००४ साली लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी आपला भाग त्यात घालू दिला नाही.

आता २००७ कडे या. स्टुलावर बॉनमचा मुलगा जेसन. बाप गेला तेव्हा १४ वर्षांचा पोर, आता ४१ चा. यावेळी तालमी पोटभर झालेल्या. आणि सुरुवात कशाने केली? 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'ने, म्हणजे १९६९ च्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याने. त्या गाण्यात बॉनमने बेस ड्रमवर उजव्या पायाने एकाच पॅडलवर त्रिपुटांचे (एका मात्रेत तीन ठोके) असे झटके मारलेत, की ऐकणाऱ्या ड्रमरांना वाटायचं याच्याकडे दोन बेस ड्रम असणार. अंकलनी ते मला ऐकवलं तेव्हा मी महिनाभर पाटावर टाच आपटत बसलो होतो, खालच्या मजल्यावरून तक्रारी आल्या. जेसनने तो पेपर पहिल्याच मिनिटात सोडवून टाकला. पुढचे दोन तास बाकीचे तिघे ज्या खुशाल चेहऱ्याने वाजवतात, ते त्या पायाच्या भरवशावर. चित्रफीत उपलब्ध आहे. पेज आणि बेसवाला जॉन पॉल जोन्स पुन्हा पुन्हा ड्रमकडे तोंड करून वाजवताना दिसतील. प्रेक्षकांना पाठ दाखवून कोण उभं राहतं? ज्याचा जीव मागे गुंतलेला असतो तो. पुढे दौरा करायला प्लांटने नकार दिला, बाकीच्यांनी दुसरे गायक चाचपून पाहिले, जमलं नाही. गायकाशिवाय बँड होतो असं मी कुठे म्हणतोय?

कोल्हापूरच्या मुलीला मात्र एक विचारायचं आहे. बाळ, ओएसिसचा 'तोच' ड्रमर कोणता? मुख्य मोजले तरी कार्डिफला बसलेला जोई वॉरोंकर हा पाचवा. पहिला टोनी मॅकॅरोल. १९९४ चा पहिला अल्बम जवळजवळ सगळा त्याचा. साधा, सरळ, जेवढ्यास तेवढा ठोका. म्हणून १९९५ साली त्याला काढलं, की याला जास्त काही येत नाही. मग अ‍ॅलन व्हाइट आला, त्याच्या हाताला झोल, म्हणजे डुलता झोका, होता, आणि दुसऱ्या अल्बमपासून गाणी डुलायला लागली. मग झॅक स्टार्की, म्हणजे बीटल्सच्या रिंगोचा मुलगा, मग ख्रिस शॅरक. ४ जुलै २०२५ ला कार्डिफला वॉरोंकर बसला तो अमेरिकन, गायक बेक आणि आर. ई. एम. हा बँड यांच्यासोबत वाजवलेला, घरंदाज स्टुडिओवाला माणूस. मी यूट्यूबवर लोकांनी फोनवर टिपलेले तुकडे बघत बसलो होतो, खास त्याचा डावा हात बघायला. त्याने शहाणपणाची गोष्ट केली. मॅकॅरोलच्या गाण्यांना त्याने हात लावला नाही. तिथे तो मुद्दाम साधा, जवळजवळ शिकाऊ वाजवतो. व्हाइटच्या गाण्यांत पुन्हा झोल आणतो. म्हणजे एका रात्रीत दोन माणसं वाजवतो. स्वतःची कारागिरी खिशात घालून दुसऱ्याचा साधेपणा वाजवणं किती अवघड असतं, हे रिदमवाल्यालाच कळतं. त्यामुळे माझा कौल ओएसिसच्या बाजूने आहे, पण तो दोन भावांच्या मिठीसाठी नाही.

ओएसिसच्याच मँचेस्टरचा दुसरा बँड, द स्टोन रोझेस. यांचा ड्रमर रेनी १९९५ च्या मार्चमध्ये, दौऱ्याच्या तोंडावर निघून गेला. वर्षभराने गिटारवाला जॉन स्क्वायर गेला. १९९६ ला रेडिंगच्या महोत्सवात जे उरलंसुरलं उभं राहिलं त्याची फजिती लोक अजून सांगतात. त्यात दोष गायक इयन ब्राउनच्या सुराला देतात, आणि सूर सुटलाच होता. पण पायाखालची फळी आधीच काढून घेतलेली होती, हे कोणी बोलत नाही. २०११ साली चौघे पुन्हा जुळले तेव्हा रेनी होता. २०१२ च्या जूनमध्ये ॲम्स्टरडॅमला तो कार्यक्रम संपताच निघून गेला. लोक 'आणखी एक' म्हणून ओरडताहेत आणि ब्राउन माइकवरून सांगतोय की ड्रमर घरी गेला. ते चिडून सांगितलं, शिवीही हासडली. पण दुसरा कोणी बसवून एखादं गाणं वाजवलं नाही. काही आठवड्यांतच मँचेस्टरच्या हीटन पार्कात तीन रात्री, चौघेही जागेवर. त्यांचा बेसवाला मॅनी २०२५ च्या नोव्हेंबरात गेला. म्हणजे ते प्रकरण आता मिटलं. रेनीचे ठोके आणि मॅनीचा बेस वेगळे करून ऐकताच येत नाहीत.

माझं हे वेड डीप पर्पलमुळे पक्कं झालं. १९९५ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईत वाजवायला आले तेव्हा आम्ही ऑर्केस्ट्रातले चौघे गेलो होतो. गिटारवाला रिची ब्लॅकमोर दीड वर्षापूर्वीच सोडून गेलेला, त्याच्या जागी स्टीव्ह मॉर्स. आमचा गिटारवाला रांगेतच कुरकुरत होता की ब्लॅकमोर नाही तर कसलं डीप पर्पल, पैसे वाया. मी पुढे घुसून ड्रमर इयन पेसच्या बाजूला जागा धरली. पेस डावखुरा. सगळा सेट उलटा मांडलेला, हाय-हॅट (पायाने उघडमीट करायची झांजांची जोडी) उजवीकडे. आरशात बघितल्यासारखं वाटून माझंच डोकं पहिली दोन गाणी गरगरलं. मग त्याने एका हाताने रोल घेतला. एकाच हाताने, काठी स्नेअरच्या, म्हणजे पुढ्यातल्या करकरीत ड्रमच्या, कडेवर नाचवत, आणि दुसरा हात मोकळा. त्यानंतर मला मॉर्सही आवडला, जॉन लॉर्डचा ऑर्गनही नेहमीपेक्षा गोड लागला. डीप पर्पलच्या पहिल्यापासून आजपर्यंतच्या प्रत्येक अल्बमवर असलेला पेस हा एकटा माणूस आहे. बाकी सगळे आले, गेले, भांडले, परतले. आणि पाटीचंच म्हणाल तर त्याच बँडची १९८० सालची गोष्ट बघा: मूळ बँड चार वर्षं बंद पडलेला असताना त्यांचा अगदी पहिला गायक रॉड इव्हान्स भलत्याच वादकांना घेऊन 'डीप पर्पल' नावाने अमेरिकेत कार्यक्रम करत फिरला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लोकांनी दंगा केला, प्रकरण कोर्टात गेलं, ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई ठोठावली गेली. गायक तर खरा होता हो!

आता ब्लॅक सॅबाथ. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण माझी मुलगी बर्मिंगहॅमला नर्स आहे आणि २०२५ च्या जुलैत मी तिच्याकडे होतो. सॅबाथचे चौघे त्याच शहराचे, ॲस्टन भागातले, कारखान्यांच्या भोंग्यांत वाढलेले. गिटारवाला टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशिनखाली गेली, ती कथा सगळ्यांना ठाऊक असते. ड्रमर बिल वॉर्डबद्दल कोणी विचारत नाही. गंमत अशी की जगातलं सगळ्यात जड संगीत म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याच्या बुडाशी बसलेला हा माणूस जॅझवर वाढलेला. त्याचा ठोका झुलतो. 'वॉर पिग्ज'ची सुरुवात ऐका. गिटार दोन आघात देऊन थांबते, गायक ऑझी ऑस्बर्न एकटा गातो, आणि त्या मोकळ्या जागेत फक्त हाय-हॅट टिकटिकत असते. तेवढ्या टिकटिकीवर अख्खं गाणं लोंबकळतंय. वॉर्डची ती टिकटिक घड्याळासारखी एकसारखी नाही. तिला श्वास आहे, कधी जरा दमते, कधी पुढच्या आघाताची चाहूल लागून सरसावते.

११ नोव्हेंबर २०११ ला चौघांनी पुन्हा एकत्र येत असल्याचं जाहीर केलं. तीन महिन्यांत वॉर्डने सांगितलं की सही करण्याजोगा करार मिळाला तरच येईन. करार मिळाला नाही. २०१३ च्या अल्बमवर ब्रॅड विल्क वाजवतो, दौऱ्यांवर टॉमी क्लुफेटोस. क्लुफेटोस दमदार आहे, तरुण आहे, रात्रीमागून रात्री न चुकता वाजवेल असा भरवशाचा आहे. मी त्याच्या जागी कितीदा बसलोय! मूळ वादक आजारी, रुसलेला किंवा महाग, मग 'तू ये रे' म्हणून फोन. त्यामुळे त्या पोराबद्दल माझ्या मनात काही नाही. आणि बाकीच्या तिघांची काळजीही अगदीच खोटी नव्हती. वॉर्डला १९९८ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, दोन तासांचा कार्यक्रम महिनोन्महिने पेलवेल का, हा प्रश्न कुठल्याही मॅनेजरने विचारला असता. पण क्लुफेटोसच्या हाताखाली ती टिकटिक घड्याळ झाली. ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅमलाच त्यांनी 'शेवटचा' कार्यक्रम केला, वॉर्डशिवाय. चाहत्यांत त्यावरून उभी फूट पडली आणि ती बरोबर जागी पडली.

मग ५ जुलै २०२५, व्हिला पार्कचं फुटबॉल मैदान. आम्ही मुलीच्या घरी टीव्हीवर पैसे भरून बघितलं. दिवसभर मोठमोठे बँड हजेरी लावून गेले. मध्येच ट्रॅव्हिस बार्कर, डॅनी कॅरी आणि चॅड स्मिथ या तीन ड्रमरांची एकाच गाण्यावर जुगलबंदी ठेवली होती. तिघेही आजचे बिनीचे. हात दिसत नव्हते इतके चालले. जावई उठून उभा राहिला. रात्री ऑझीला काळ्या सिंहासनावर बसवून खालून वर आणलं, पार्किन्सनने चालता येत नव्हतं; आधी त्याची स्वतःची गाणी झाली आणि मग सॅबाथ. मागे बिल वॉर्ड, वय ७७. वीस वर्षांनी चौघे एकत्र. चारच गाणी. वॉर्डचा हात पूर्वीसारखा चालत नव्हता, एकदोन ठिकाणी तोडा अर्धवट सोडून सरळ ठेक्यावर आला. कोणीतरी दुसऱ्या दिवशी लिहिलं, की ड्रम ढिले होते. होते ना! सॅबाथ ढिलेच होते पहिल्यापासून, म्हणून तर ते भीतिदायक वाटायचे. 'वॉर पिग्ज'ची ती मोकळी जागा आली, हाय-हॅट टिकटिकली, दमली, सरसावली, आणि मी जावयाला म्हटलं, आता बस खाली, ड्रम आत्ता सुरू झालेत.

सतरा दिवसांनी ऑझी गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली, तेव्हा मुलीसोबत मीही रस्त्याच्या कडेला उभा होतो. पुढे पितळी वाद्यांचा बँड सॅबाथचीच गाणी वाजवत चाललेला. आमच्या शेजारी काळ्या टी-शर्टातला एक पोरगा लोखंडी बॅरिकेडवर दोन बोटांनी ठोका धरून होता, आणि अगदी अचूक, वॉर्डसारखा मागे रेलून. त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मला फार वाईट वाटलं.

नाशिकच्या वाचकांनी पैशांचा मुद्दा काढला आहे, तर पैशांचंही बोलू. ओएसिसचं दीडशे पौंडांच्या आसपासचं उभं राहायचं तिकीट रांगेत असतानाच साडेतीनशेच्या वर गेलं, त्यावर ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने चौकशी लावली, हे सगळं आपल्या वाचकांनी लिहून झालंय. पण आलेल्या पैशांची वाटणी कशी होते? द स्मिथ्स हा बँड कधीच का जुळला नाही, याची चर्चा चाहते गायक मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार यांच्या स्वभावावर करतात. त्यांचे हिशेब बघा. त्या दोघांना प्रत्येकी ४० टक्के, बेसवाला अँडी रूर्क आणि ड्रमर माइक जॉइस यांना प्रत्येकी १०. जॉइसने दावा लावला की आम्ही चौघे भागीदार होतो, आणि १८९० च्या भागीदारी कायद्याच्या आधारे १९९६ साली तो जिंकला. चौथा हिस्सा मिळाला. निकाल देताना न्यायाधीशांनी मॉरिसीबद्दल जे शब्द वापरले ते त्याला आजतागायत झोंबतात. ओएसिसच्या मॅकॅरोलनेही दावा लावला होता. १९९९ साली साडेपाच लाख पौंडांवर तडजोड झाली. आणि वॉर्डचा करार वर सांगितलाच. तीन बँड, तीन ड्रमर, तिघेही कागदासाठी भांडलेले. पैशांसाठी एकत्र येतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पैशांसाठी बाहेर कोण राहतं तेही बघावं.

आमच्याकडे वेगळं काय होतं? कार्यक्रम संपला की आयोजक पाकिटं वाटायचा. गायकाचं जाड, गायिकेचं त्याहून जाड, निवेदकाचं बरं, आणि रिदमचं पाकीट दिव्याकडे धरलं तर आरपार दिसायचं. एकदा कल्याणच्या एका आयोजकाने मला सुनावलं, "तुम्ही काय, बसून तर वाजवता." मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्यांनी कॅसेटवर भागवलं आणि लोकांना कळलंही नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवं. ते अजून सलतं.

म्हणून मला सेक्स पिस्टल्स प्रामाणिक वाटतात. १९९६ साली ते पुन्हा जुळले तेव्हा त्यांनी दौऱ्याचं नावच ठेवलं 'फिल्दी ल्युकर', म्हणजे घाणेरडा पैसा. ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. चौघेही मूळचे आणि ड्रमवर पॉल कुक.

ड्रमरवरून बँड ओळखायचा हा आमच्या अंकलचा नियम क्वीनवर मात्र अडतो, आणि तेही मला अंकलनीच सांगितलं होतं. ड्रमर रॉजर टेलर मूळचा, गिटारवाला ब्रायन मे मूळचा, पण गायक फ्रेडी मर्क्युरी नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा हा मुलगा आपल्या सगळ्यांना जवळचा, त्यामुळे त्याच्याशिवाय क्वीन म्हटलं की आपल्याला टोचतंच. पण त्यांनी आधी पॉल रॉजर्स आणि मग ॲडम लॅम्बर्ट यांना घेताना नावात अधिकचं चिन्ह ठेवलं: क्वीन अधिक अमुक. पाहुणा पाहुणा म्हणूनच उभा राहतो. यापेक्षा जास्त सचोटी मी मागत नाही. जेनेसिसचं तर विचारूच नका. ज्या फिल कॉलिन्सला झेपलिनवाले शिव्या घालतात, तो २०२१-२२ च्या शेवटच्या दौऱ्यात खुर्चीवर बसून गायला, कारण मणक्याच्या दुखण्याने हातात काठी धरता येत नव्हती. मागे ड्रमवर त्याचा विशीतला मुलगा निक. काही चाहत्यांनी याला केविलवाणं म्हटलं. मला तो दौरा या सगळ्यांत सगळ्यात सरळ वाटला.

संपादक महोदय, आपल्याला दोन विनंत्या. अशा कार्यक्रमांची बातमी छापताना वादकांची नावं पूर्ण छापा, ड्रमरचं आणि बेसवाल्याचंही. जागा कमी पडली तर गायकाच्या जॅकेटचं वर्णन कापा. आणि कोल्हापूरच्या त्या मुलीला माझा निरोप पोहोचवा: ओएसिसचा पहिला अल्बम आणि दुसरा अल्बम एकामागोमाग लाव, हेडफोन घाल, शब्द सोडून दे आणि फक्त स्नेअर ऐक. मॅकॅरोल कुठे संपतो आणि व्हाइट कुठे सुरू होतो ते दहा मिनिटांत कळेल. नंतर मला पुन्हा भांडायला पत्र लिही, मी उत्तर देईन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रिदमवाला,
डोंबिवली (पूर्व)